वाटाण्याएवढे मलम

आमच्या अकोल्याच्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांचे कपाट गल्ल्याच्या उजव्या हाताला आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दुपारच्या वेळी, हे जेवून थोडे पडतात तेव्हा, दुकानावर मी बसते. सत्तावीस वर्षांत त्या कपाटातून किती डब्या, किती नळ्या माझ्या हातून गेल्या असतील याचा हिशेब नाही. परंतु स्वतःसाठी रात्री लावायचे मलम मी प्रथम घेतले ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी, २०२३ च्या दिवाळीनंतर. रेटिनॉल असे त्यातील मुख्य द्रव्याचे नाव.

त्या मलमाविषयी लिहायचे तर आधी दुसऱ्या एका मलमाविषयी लिहावे लागेल. ते सांगणे सोपे नाही, कारण त्यात दोष आमचाच आहे. तरीही लिहिते, कारण या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी दुकान आहे.

धाकट्या मुलाच्या वेळी दिवस राहिले असताना माझ्या दोन्ही गालांवर वांग उठला. बाळंतपणानंतर तो जाईल असे सगळे म्हणाले. तो गेला नाही. अमरावतीला माहेरी गेले की आई मसुरीचे पीठ, साय आणि आंबेहळद कालवून लेप लावी. लेपाने गाल मऊ होत, डाग जसाच्या तसा राही. वऱ्हाडचे ऊन आपण सारे जाणतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि प्रत्येक उन्हाळ्यात माझा वांग एकेक बोट पुढे सरकत असे. मंगल कार्यात छायाचित्र काढायची वेळ आली की मी मागच्या रांगेत उभी राही.

२०२२ च्या पावसाळ्यात एक फिरता विक्रेता आमच्याकडे गोरेपणाच्या मलमाच्या लहान डब्या ठेवून गेला. डबीवर एका सुंदर मुलीचे चित्र होते. उत्पादकाचा पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, घटकांची यादीही नव्हती. पावती कच्ची होती. माल मात्र हातोहात खपला, कारण आठ दिवसांत फरक दिसे. ग्राहक पुन्हा येऊन तीच डबी मागत. मीही एक डबी घरी नेली. पंधरा दिवसांत वांग फिकट झाला. वीस वर्षांत आईच्या लेपाने जे झाले नव्हते ते झाले, याचा मला इतका आनंद झाला की पुढचे सात महिने मी ते नेमाने लावले.

२०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत एक बातमी आली आणि ती आमच्याच शहराची होती. अकोल्यातील एक तरुणी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना एकाच घरात, काही महिन्यांच्या अंतराने, मूत्रपिंडाचा विकार जडला. कारण सापडेना. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी त्या तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या मलमाची तपासणी करून घेतली, तेव्हा त्यात पारा निघाला, आणि तोही मर्यादेच्या कितीतरी पट. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या प्रसाधनात चुकून मिसळलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. परंतु तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे निकामी करू लागतो. टॉवेल, उशी, आईचा हात यांवाटे तो घरातील लहान मुलांपर्यंतही पोहोचतो.

बातमी वाचून मी घरातली डबी घेऊन देवघराशेजारच्या ओसरीवर बसले. डबीखाली अगदी बारीक अक्षरांत एकच सूचना होती, सोन्याचांदीच्या दागिन्यांना हे लागू देऊ नये. मी ती मोठ्याने वाचली. माझ्या सासूबाई सराफाच्या घरच्या. पारा सोन्याला लागला की सोने पांढरे पडते, हे त्यांनी लहानपणी वडिलांच्या पेढीवर पाहिलेले. जपाची माळ थांबवून त्या म्हणाल्या, "जे सोन्याले चालत नाही, ते तोंडाले कसं चालते वं?"

दुकानात त्या डब्या आल्यापासून ती सूचना माझ्या डोळ्यांसमोर होती. तो प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी लघवीची आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून घेतली. अहवाल हाती येईपर्यंतचे दोन दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. अहवाल निर्दोष निघाला. परंतु सुटकेचा श्वास पुरता टाकण्याआधीच मनात आले की आपण एक डबी वापरली, विकल्या किती? वही काढली. चौदा डझन माल आला होता. शिल्लक अकरा डब्या. म्हणजे एकशे सत्तावन्न डब्या आमच्या हातून लोकांच्या घरी गेल्या होत्या.

त्या रात्री आमच्या घरात प्रथमच दुकानावरून वाद झाला. यांचे म्हणणे असे की उरलेला माल काढून टाकावा, पुन्हा घेऊ नये, पण गावभर सांगत सुटू नये. तीन पिढ्यांचे नाव आहे, एका दिवसात जाईल. त्यांची भीती खोटी नव्हती. मी म्हटले, ज्या नावासाठी गप्प राहायचे ते नाव मग कशाचे? शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. उधारीच्या वहीत ज्यांची नावे आहेत त्यांना तरी कळवा, बाकीचे समोर येतील तेव्हा सांगा. वहीत एकतीस नावे सापडली. कोणाला फोन केला, कोणाच्या घरी गेले. डबी बंद करा, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, अंगावर सूज असेल तर आजच डॉक्टरांकडे जा, एवढेच मी सांगे. काहींनी आभार मानले. एका बाईंनी दार अर्धवट लावून घेतले आणि त्यानंतर त्या आमच्या दुकानी आल्या नाहीत. ते योग्यच होते. उरलेल्या अकरा डब्या कचऱ्यात किंवा मोरीत टाकता येत नव्हत्या, कारण पारा मातीत गेला काय नि पाण्यात गेला काय, तो कुठेतरी जिवाला लागणारच. त्या बंद करून औषध निरीक्षकांच्या स्वाधीन केल्या.

मलम थांबले आणि वांग परतला, पहिल्याहून गडद होऊन. ते मी शिक्षा म्हणूनच घेतले आणि आता चेहऱ्याला काहीही लावायचे नाही असे ठरवून टाकले.

मग सुनेला दिवस राहिले. ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. रात्री रेटिनॉलचे मलम लावायची तिची सवय होती. गरोदरपणात अ जीवनसत्त्वापासून बनलेली ही द्रव्ये वापरायची नसतात, म्हणून तिने ते पहिल्याच दिवशी बंद केले आणि तिच्याकडची एक न उघडलेली नळी माझ्यापुढे ठेवली. "आई, हे तुम्ही घ्या. पण आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा." मी नळी हातात घेतली आणि सर्वांत आधी ती उलटून मागची बाजू वाचली. उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, मुदत, घटकांची पूर्ण यादी. सारे होते. तरी नळी चार महिने कपाटात पडून राहिली.

भाद्रपदात माहेरी गेले असता अमरावतीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. अकोल्यात गेले नाही, कारण ओळखीचे कोणी भेटेल याची लाज वाटत होती. पाऱ्याच्या मलमाची हकीकत सांगितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अशा बायका रोज येतात. तुम्ही दुकानदार आहात, एवढाच फरक." नळी पाहून त्यांनी ती चालेल असे सांगितले, परंतु दोन महिने थांबायला लावले. तोवर रोज सकाळी उन्हापासून रक्षण करणारे मलम लावायचे. घरात असले तरी, ढग असले तरी, आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगावर पहिला उपचार हाच, असे त्यांनी बजावले. उन्हापासून जपणार नसाल तर रात्रीचे मलम लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

ते दोन महिने मी या द्रव्याची माहिती मिळवण्यात घालवले. दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखी माझी गत झाली होती.

रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वच. रातांधळेपणा येऊ नये म्हणून अंगणवाडीत बालकांना ज्याचे थेंब पाजतात तेच. १९१३ मध्ये अमेरिकेत स्निग्ध पदार्थांत विरघळणारे हे पोषकद्रव्य प्रथम ओळखले गेले. त्याची रचना उलगडणाऱ्या पॉल कॅरर यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तयार स्वरूपातील हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतच आढळते, हे वाचून मी दचकले. एके काळी ते माशांच्या यकृताच्या तेलातून काढीत. वनस्पतींत त्याचे पूर्वरूप असते आणि आपले शरीर त्यापासून ते तयार करते. गाजराचे नाव सगळीकडे पहिले. आपल्याकडे ते कंदमूळ म्हणून वर्ज्य. पण पपई, आंबा, भोपळा, शेवग्याचा पाला यांतही ते भरपूर असते. पुढे १९४७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हे द्रव्य कारखान्यात रासायनिक रीतीने बनू लागले, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल पुष्कळ काळ गवती चहाच्या तेलातून मिळत असे. आपल्या केरळातून जाणाऱ्या तेलाचा त्यात मोठा वाटा होता. आज प्रसाधनांत वापरले जाणारे रेटिनॉल कारखान्यातच तयार होते. मात्र मलमातील इतर घटक पाहावे लागतात. मधमाशीचे मेण, लोकरीतील स्निग्धांश, शार्कच्या यकृतातील तेल हे सारे प्रसाधनांत येऊ शकते. सुनेने उत्पादकाला पत्र पाठवून विचारले आणि त्यांनी प्राणिज घटक नसल्याचे लेखी कळवले. प्राण्यांवर प्रसाधनांची चाचणी करण्यास आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, ही माहितीही तेव्हाच कळली.

एक गोष्ट वाचून मात्र मन खिन्न झाले. या कुळातील अधिक तीव्र औषध, ट्रेटिनॉइन, मुरुमांसाठी १९७१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते लावणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्याही कमी होतात असे पुढे लक्षात आले. ते औषध प्रचारात आणणारे डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले होते. कैद्यांना थोडे पैसे मिळत. आपल्या शरीराशी काय होत आहे हे त्यांना पुरते सांगितले जात नसे. त्या शहराने २०२२ मध्ये या प्रकाराची जाहीर माफी मागितली. बाजारातली वस्तू हिरवा ठिपका लावून शुद्ध होते, इतके हे सोपे नाही, हे मला तेव्हा उमगले. मी मलम टाकून दिले नाही. परंतु आपण जे वापरतो ते कोणाच्या तरी वेदनेवरून आपल्यापर्यंत आलेले असू शकते, ही जाणीव ठेवून वापरायचे ठरवले.

कार्तिकातील एका रात्री नळी उघडली. डॉक्टर बाईंनी लिहून दिलेला क्रम आरशाशेजारी चिकटवला होता. चेहरा साध्या साबणाने धुवायचा, टिपायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या त्वचेवर जळजळ होते. आधी साधे मॉइश्चरायझर. मग रेटिनॉल, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठांचे कोपरे सोडायचे. वर पुन्हा मॉइश्चरायझर. आठवड्यातून दोनच रात्री.

वाटाण्याएवढे मलम बोटावर घेतले तेव्हा हसू आले. आयुष्यभर डझन, ग्रोस आणि पेटी यांत मोजणाऱ्या बाईला कोणी एवढे माप दिले नव्हते. मनातल्या मनात हिशेब झालाच. तीस ग्रॅमची नळी, सुमारे शंभर रात्रींची. मलम पिवळसर होते, वास जवळजवळ नव्हता. लावले, आणि काहीच झाले नाही. जळजळ नाही, चमक नाही. सकाळी आरशात तीच मी, तोच वांग.

सासूबाई मात्र जाग्या होत्या. "रात्रीच्या वेळी काय लावून राह्यली? चौविहार आहे ना तुझा?" पोटात जाणारे नाही, चेहऱ्याला लावायचे आहे, असे मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वाध्यायाच्या वेळी त्यांनी मला शेजारी बसवून सनत्कुमार चक्रवर्तीची कथा वाचायला लावली. त्याच्या रूपाची ख्याती ऐकून देव पाहायला आले. स्नानापूर्वी, अंगाला तेल लावलेले असताना तो त्यांना अनुपम दिसला. अभिमानाने त्याने त्यांना अलंकार घालून दरबारात बसल्यावर पुन्हा बोलावले, आणि तेव्हा त्यांनी माना हलवल्या, कारण एवढ्या वेळात त्या देहात रोग शिरले होते. कथा संपली. सासूबाईंनी पुस्तक मिटले आणि एवढेच म्हणाल्या, "लाव. पण दरबारात बसू नको."

मी दरबारात बसलेच.

तिसऱ्या आठवड्यात हनुवटीजवळ त्वचा किंचित सुटू लागली, नाकाच्या बाजूला लाली आली. असे होणार, घाबरू नका, असे डॉक्टर बाईंनी आधीच सांगितले होते. रेटिनॉल त्वचेत शिरून टप्प्याटप्प्याने अधिक प्रभावी द्रव्यात बदलते, वरच्या जुन्या पेशी झडून नव्या येण्याचा वेग वाढवते आणि खालच्या थरात त्वचेला ताठपणा देणारे तंतू तयार व्हायला मदत करते. त्वचेला त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात आणि खरा फरक दिसायला निदान तीन महिने. हे सर्व मला पाठ होते. तरीही माघात अमरावतीला भाच्याचे लग्न ठरले आणि माझी बुद्धी फिरली. लग्नाला नऊ दिवस होते. आठवड्यातून दोनदा लावून एवढा फरक, तर रोज लावले तर? आणि वाटाण्याऐवजी हरभऱ्याच्या घाट्याएवढे घेतले तर? व्यापाऱ्याचे गणित. माल दुप्पट, नफा दुप्पट.

सहाव्या दिवशी चेहरा तापला. आठव्या दिवशी गालांची सालपटे निघू लागली, पाणी लागले तरी आग होई. लग्नात मी लालबुंद, सोललेल्या चेहऱ्याने उभी होते. आईने जवळ घेऊन विचारले, "पोळलीस का गं कुठे?" वर्षानुवर्षे मागच्या रांगेत उभी राहणारी मी, त्या दिवशी मागच्या रांगेतही उभी राहू शकले नाही. मांडवातून उठून आईच्या खोलीत जाऊन बसले.

डॉक्टर बाईंनी तीन आठवडे सारे बंद केले. फक्त मॉइश्चरायझर आणि उन्हापासून रक्षण. आपल्या सावळ्या त्वचेला अशी आग झाली की बरी होताना ती जागा काळी पडू शकते, म्हणजे डाग घालवायला निघालेली बाई नवा डाग घेऊन येते, असे त्यांनी समजावले. माझ्या डाव्या गालावर तसा एक डाग उमटला आणि तो जायला पाच महिने लागले. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मला तिथे देता आले नाही. "घाई कसली होती?" पाऱ्याच्या डबीने आठ दिवसांत जे दिले तेच मी या मलमाकडून आठ दिवसांत मागत होते. मलम वेगळे होते. घेणारी तीच होती.

चैत्रात पुन्हा सुरुवात केली. वाटाण्याएवढे, आठवड्यातून दोन रात्री, पुढे तीन. त्याहून अधिक आजवर नाही. दीड वर्ष होत आले. फरक काय पडला ते प्रामाणिकपणे सांगते. कपाळाची त्वचा मऊ झाली आहे. डोळ्यांच्या बाजूच्या बारीक रेषा थोड्या पुसट झाल्या आहेत. वांग निम्म्याने फिकट आहे, आणि त्यात सकाळच्या मलमाचा वाटा रात्रीच्या मलमापेक्षा मोठा आहे असे डॉक्टर बाई म्हणतात. मी गोरी झालेले नाही. रेटिनॉल गोरे करीत नाही आणि ते करतो म्हणणारे मलम घरात आणू नये.

दुकानात आता एक नियम आहे. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी आणि घटक नाहीत ती आमच्या कपाटात येत नाही, आणि पक्क्या पावतीशिवाय माल उतरत नाही. गोरेपणाच्या डब्यांचा जो खप होता तो गेला. पहिल्या वर्षी ती तूट यांना बोचली. यंदाच्या क्षमापनेला आम्ही दोघे मिळून त्या एकतीस घरांपैकी जी उघडली तिथे जाऊन आलो. अर्धवट दार लावणाऱ्या बाई भेटल्या नाहीत. मात्र परवा त्यांची मुलगी दुकानी आली. बारावीत असेल. पुढच्या महिन्यात मावशीचे लग्न आहे, तोवर चेहरा उजळेल असे काही द्या म्हणाली.

मी तिला उन्हापासून रक्षण करणारे मलम दाखवले, कसे लावायचे ते सांगितले. तिने विचारले, "याने महिन्यात फरक पडेल?"

"नाही पडणार," मी म्हटले.

ती थोडा वेळ थांबली. मग नळी उलटून मागची बारीक अक्षरे वाचू लागली. मी तिला तिथेच स्टूल दिले आणि दुसऱ्या ग्राहकाकडे वळले.